शूटिंग की कोलोकेशन? औषधमात्रेचे इष्टतम नियंत्रण कोणत्या वाटेने सोडवावे

मॉडेल लिहून झाले, पॅरामीटर हाती आले, आता संगणकावर उत्तर काढायचे. या टप्प्यावर इष्टतम नियंत्रणात, म्हणजे औषध कधी आणि किती द्यावे हे गणिताने ठरवण्यात, दोन वाटा फुटतात. पहिली अप्रत्यक्ष: पॉन्ट्र्यागिनचे महत्तम तत्त्व आधी कागदावर लावायचे, जितक्या अवस्था (औषधाच्या पातळीसारख्या काळाबरोबर बदलणाऱ्या राशी) तितके कोस्टेट (त्या अवस्थेतल्या छोट्या बदलाची किंमत सांगणाऱ्या जोडराशी) जोडायचे आणि दोन्ही टोकांना अटी असलेला तो प्रश्न शूटिंगने, म्हणजे सुरुवातीचे आकडे अंदाजाने धरून शेवटच्या अटी जुळेपर्यंत सुधारत, सोडवायचा. दुसरी प्रत्यक्ष: आधी काळाचे तुकडे पाडायचे, अवस्था आणि नियंत्रण दोन्ही अज्ञात म्हणून मोकळे सोडायचे आणि कोलोकेशनच्या समीकरणांनी (निवडलेल्या बिंदूंवर मॉडेल पाळले जावे अशा अटींनी) बांधलेला भलामोठा नॉन-लिनिअर प्रोग्रॅम आयपॉप्टसारख्या सॉल्व्हरच्या हवाली करायचा. पोटाच्या आणि आतड्याच्या औषधांच्या मात्रांवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी ही तुलना आहे, त्यातही गणिती भौतिकीतून इकडे वळणाऱ्यांसाठी, कारण त्यांचा हात आपसूक पहिल्या वाटेकडे जातो.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे अवस्थांच्या सगळ्या शक्य किमतींची जाळी करून सोडवणे, ही तिसरी वाट इथे बाजूला ठेवतो. तीन अवस्था आणि प्रत्येकीचे १०० बिंदू म्हणजे दहा लाख पेशींची जाळी, ती झेपते. सहा अवस्था झाल्या की हाच आकडा १० चा १२ वा घात होतो, आणि औषधशास्त्रातली कामाची मॉडेले बहुधा तीनावर थांबत नाहीत.

भौतिकीच्या माणसाला महत्तम तत्त्व जवळचे वाटते यात नवल नाही. योहान बर्नुलीने १६९६ मध्ये ब्रॅकिस्टोक्रोनचे (सर्वांत लवकर घसरत खाली नेणाऱ्या वक्राचे) कोडे जाहीरपणे घातले, तेव्हापासून चालत आलेल्या विचारालाच पॉन्ट्र्यागिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ च्या सुमारास नियंत्रणावरच्या मर्यादांसकट मांडले. कोस्टेट म्हणजे संवेग, समीकरणे हॅमिल्टनची, आणि मॉडेलमध्ये काळ उघडपणे येत नसेल तर हॅमिल्टोनियन मार्गभर स्थिर. ही नुसती शोभा नाही. हॅमिल्टोनियन कुठे ढळतो हे पाहून चूक लगेच पकडता येते. अज्ञात आकडे अवस्थांइतकेच असतात आणि शूटिंग एकदा जुळले की दहा-बारा अंकांपर्यंत अचूक उत्तर मिळते. कमी अवस्था, गुळगुळीत गतिकी आणि अवस्थेवर कोणतीही मर्यादा नाही, असा प्रश्न असेल तर आजही अप्रत्यक्ष पद्धतच घ्यावी असे मला वाटते. एका स्पिनची कमीत कमी वेळातली फिरवण किंवा यानाचा मंद धक्क्याचा प्रवास ही त्याची उदाहरणे. मात्र स्पिनची संख्या वाढली की तिथले लोकही पल्सचे तुकडे पाडून ग्रेडियंट काढतात. २००५ मध्ये आलेली ग्रेप पद्धत नेमके हेच करते.

आता औषधाकडे. इथे सगळ्यात आधी एक मोजणी करावी: मॉडेलमधल्या सर्वांत जलद अवस्थेची किती अर्धायुष्ये (निम्मे व्हायला लागणारा काळ) आपल्या एकूण कालावधीत बसतात? अवस्था विझत जाणारी असेल तर तिचा कोस्टेट पुढच्या दिशेने सोडवताना त्याच दराने फुगतो. म्हणजे दर अर्धायुष्याला सुरुवातीच्या अंदाजातली चूक दुप्पट. दुहेरी अचूकतेच्या संख्येत ५३ बिट असतात, त्यामुळे ५३ अर्धायुष्यांनंतर अगदी शेवटच्या बिटातली चूकसुद्धा कोस्टेटएवढी मोठी होते. त्यापुढे न्यूटनच्या पद्धतीला धरायला काही उरतच नाही.

ओमेप्राझोल हे जठरातले आम्ल कमी करणारे औषध घ्या. प्लाझ्मातले त्याचे अर्धायुष्य सुमारे एक तास. परिणाम मात्र दिवसभराहून जास्त टिकतो, कारण जठराच्या आम्लस्रावी पेशीत सक्रिय झालेले औषध प्रोटॉन पंपाला कायमचे चिकटते आणि नवे पंप तयार व्हायला दिवस लागतात. आठवडाभर पीएच ४ च्या वर ठेवण्याचा प्रश्न मांडला तर कालावधी १६८ तास, म्हणजेच १६८ अर्धायुष्ये. कोस्टेटमधली चूक १० च्या ५० व्या घाताने वाढणार. साधे शूटिंग इथे तिसऱ्या दिवशीच कोसळते, मग सुरुवातीचा अंदाज कितीही चांगला असो. आतड्याच्या दाहावर शिरेतून देतात त्या इन्फ्लिक्सिमॅबचे अंतिम अर्धायुष्य साधारण आठ ते साडेनऊ दिवस, म्हणून १४ आठवड्यांत दहा-बाराच अर्धायुष्ये बसतात आणि शूटिंग निभावते. अर्थात दोन कप्प्यांच्या मॉडेलमधला वितरणाचा टप्पा याहून जलद असतो. मोजणी त्याच्यावरून करायची.

यावर तोडगे आहेत. मल्टिपल शूटिंगमध्ये कालावधीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा दहा अर्धायुष्यांच्या आत ठेवायचा. वरच्या उदाहरणात १७ तुकडे होतात, प्रत्येकाच्या सुरुवातीला सगळ्या अवस्था आणि सगळे कोस्टेट अज्ञात. एवढे केल्यावर अज्ञातांची संख्या प्रत्यक्ष पद्धतीच्या जवळ सरकतेच. जलद अवस्थेला स्थिरस्थिती मानून मॉडेलमधून काढून टाकणे हा दुसरा तोडगा. ओमेप्राझोलमध्ये तो जपून वापरावा, कारण पंप निकामी होण्याचे प्रमाण औषध आणि त्या क्षणी सक्रिय असलेले पंप या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. म्हणूनच तर गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात. जलद अवस्था पुसून टाकली की नेमकी ही वेळेची बाब मॉडेलमधून गळते.

जीवशास्त्राच्या शोधनिबंधांत वारंवार दिसणारी फॉरवर्ड-बॅकवर्ड स्वीप हीसुद्धा अप्रत्यक्ष पद्धतच. अवस्था पुढे सोडवायच्या, कोस्टेट मागे सोडवायचे, सूत्रातून नवे नियंत्रण काढायचे, जुन्यात मिसळायचे आणि पुन्हा तेच. कोस्टेट उलट्या दिशेने जात असल्यामुळे वरचे फुगणे होत नाही, आणि पन्नास ओळींत प्रोग्रॅम लिहून होतो. तरीही दोन गोष्टींसाठी सावध राहावे. नवे नियंत्रण आणि जुने नियंत्रण यांतला फरक हजारांश झाला की थांबायचे, अशी अट बहुतेक जण लावतात. पद्धत डळमळू लागली की मिश्रणाचे प्रमाण ०.५ वरून ०.१ वर आणतात. मग प्रत्येक पाऊलच दहा टक्के पडते, फरक आपोआप लहान दिसतो आणि प्रोग्रॅम उत्तराच्या बराच अलीकडे समाधानाने थांबतो. थांबण्याची अट न मिसळलेल्या सूत्राच्या किमतीशी लावावी: सध्याचे नियंत्रण आणि सूत्र सांगते ते नियंत्रण यांत किती अंतर आहे?

दुसरी गोष्ट खर्चाची, म्हणजे जी राशी कमीत कमी करायची तिची. या पद्धतीला सोपे सूत्र हवे असते म्हणून मात्रेचा वर्ग खर्चात घालतात. दुप्पट मात्रेला चौपट दंड लावायला औषधशास्त्रात क्वचितच आधार असतो. हा वर्ग उत्तरावर उघड परिणाम करतो, मात्रा दिवसभर पातळ पसरवतो आणि मग निबंधात तो पसरटपणाच वैद्यकीय शिफारस म्हणून मांडला जातो. एकूण मात्रा साध्या बेरजेने मोजली की सूत्र नाहीसे होते, नियंत्रण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उड्या मारते किंवा सिंग्युलर तुकडा (महत्तम तत्त्व नियंत्रण थेट सांगत नाही असा काळ) येतो, आणि स्वीप तिथे अडते.

पण माझा कौल ठरवणारी अडचण या सगळ्यांत नाही. शूटिंगची अस्थिरता तुकड्यांनी आवरता येते, खर्चाचे रूप बदलता येते. ज्याला उपाय नाही ती गोष्ट अशी: अवस्थेवर मर्यादा असली की अप्रत्यक्ष पद्धतीला उत्तराची रचना आधीच सांगावी लागते. मर्यादेला मार्ग कितीदा टेकतो, नुसता स्पर्श करून सुटतो की काही काळ तिच्यावरून चालतो, कुठे शिरतो, कुठून निघतो, आणि प्रत्येक ठिकाणी कोस्टेट किती उडी घेतो, यातला प्रत्येक आकडा अज्ञात आणि त्यांची संख्या मात्र आधी ठरलेली असावी लागते.

शिरेतून दिलेल्या औषधात ही मर्यादा पहिल्या क्रमाची, म्हणजे पातळीचे एकदा विकलन केले की मात्रा समीकरणात दिसते. गोळी घेतली तर मात्रा आधी आतड्याच्या कप्प्यात जाते, तिथून रक्तात, म्हणून दोनदा विकलन करावे लागते. क्रम वाढला की शिरण्याच्या बिंदूवरच्या अटीही वाढतात. तेही एकदा नीट मांडले तर जमते. पण आपल्याला एकाच रुग्णासाठी मांडायचे असते का?

इन्फ्लिक्सिमॅबचे नेहमीचे वेळापत्रक पाहा: ०, २ आणि ६ आठवडे, त्यानंतर दर आठ आठवड्यांनी, किलोमागे ५ मिलिग्रॅम. वर्षभरात ०, २, ६, १४, २२, ३०, ३८ आणि ४६ अशा आठ मात्रा, आणि प्रत्येक मात्रेनंतर पुढच्या मात्रेच्या तोंडाशी एक तळाची पातळी, म्हणजे आठ ट्रफ. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शनात, उपचार चालू असूनही आजार सक्रिय असलेल्यांसाठी ही पातळी मिलिलिटरमागे किमान ५ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. समजा मात्रांचे आकडे मोकळे सोडले आणि ही मर्यादा घातली. प्रत्येक ट्रफ मर्यादेला टेकलेला असेल किंवा वर असेल. शक्य रचना २ चा ८ वा घात, म्हणजे २५६.

आता रुग्ण बदला. अल्ब्युमिन कमी असले, औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, वजन जास्त असले, की औषध शरीरातून लवकर निघून जाते. तीव्र अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ते शौचावाटेही वाया जाते. क्लिअरन्सचा (औषध शरीरातून निघून जाण्याच्या वेगाचा) आकडा हलला की टेकणारे ट्रफ बदलतात आणि आपली समीकरणांची यादी चुकीची ठरते. वाईट हे की पद्धत तसे सांगत नाही. न्यूटन कधी जुळतच नाही, आणि ते का हे कळत नाही. कधी चुकीच्या रचनेवर जुळतो आणि एखाद्या उडीचे चिन्ह उलटे येते. चिन्ह तपासण्याची सवय नसेल तर ते उत्तर निबंधात छापले जाते. पाचशे आभासी रुग्णांवर मात्रेची योजना तपासायची म्हटली की ही तपासणी पाचशे वेळा आली. संशोधनाचा वेळ औषधाचा विचार करण्याऐवजी मर्यादेवरचे तुकडे मोजण्यात जातो, आणि ही गोष्ट मला फार खटकते.

कोलोकेशनमध्ये तीच मर्यादा एका ओळीची असमानता असते. कोणत्या बिंदूवर ती ताणलेली आहे हे सॉल्व्हर शोधतो. रुग्ण बदलला तर पॅरामीटर बदलायचा, आधीचे उत्तर अंदाज म्हणून द्यायचे, पुन्हा चालवायचे.

मांडणी साधारण अशी करावी. दोन मात्रांमधला काळ हा एक टप्पा. सलाइनमधून औषध द्यायला दोन तास लागतात आणि आठ आठवडे म्हणजे १३४४ तास, म्हणून मात्रा ही टप्प्याच्या सुरुवातीला मध्य कप्प्यात घेतलेली उडी मानायला हरकत नाही. प्रत्येक टप्प्यात १० अंतरे, प्रत्येकात तीन राडाउ बिंदू (कोलोकेशनचे ठरावीक बिंदू), मात्रेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत अंतरे दाट. दोन अवस्था धरल्या तर आठ टप्प्यांचे अज्ञात पाचशेच्या आसपास येतात. कॅसएडी या सॉफ्टवेअरमध्ये लिहिले तर डेरिव्हेटिव्ह आपोआप मिळतात, आणि एवढ्या आकाराचा प्रश्न साध्या लॅपटॉपवर, माझ्या अनुभवात, क्वचितच काही सेकंदांपलीकडे जातो. मात्रा शेवटी १०० मिलिग्रॅमच्या कुपीत बसवाव्या लागतात. ६८ किलोच्या रुग्णाचे ३४० मिलिग्रॅम म्हणजे चार कुप्या. आधी सलग आकडे काढा, वरच्या कुपीपर्यंत न्या आणि मर्यादा पुन्हा तपासा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मॉडेल पूर्ण रेषीय असेल आणि खर्च म्हणजे एकूण मात्रा असेल, तर प्रत्येक ट्रफ हा मात्रांची रेषीय बेरीजच असतो. मग आठ अज्ञातांचा लिनिअर प्रोग्रॅम पुरतो, शूटिंगही नको आणि कोलोकेशनही नको. दाह कमी झाला की क्लिअरन्स घटतो, क्लिअरन्स घटला की पातळी वाढते, पातळी वाढली की दाह आणखी कमी होतो, असे चक्र मॉडेलमध्ये घातले की खरा नॉन-लिनिअर प्रश्न उभा राहतो. शोधनिबंधाचा जीवही तिथेच असतो.

प्रत्यक्ष पद्धत निर्दोष आहे असे नाही. तिचे दोष पाठ असावेत.

मर्यादा फक्त जाळीच्या बिंदूंवर पाळली जाते, मधे ती मोडू शकते. म्हणून मिळालेले नियंत्रण घेऊन मॉडेल वेगळ्या सॉल्व्हरने, १० च्या उणे १० व्या घाताच्या टॉलरन्सने, सुरुवातीपासून पुन्हा चालवावे आणि दोन्ही मार्ग एकमेकांवर ठेवून पाहावेत. जुळत नसतील तर जाळी विरळ आहे. अंतरे दुप्पट करा, आणि खर्च हजारात एका भागाहूनही कमी हलेपर्यंत थांबू नका.

सिंग्युलर तुकड्यावर नियंत्रण करवतीच्या दात्यांसारखे हलते. ते औषधाचे वागणे नव्हे, जाळीचे आहे: खर्चाला तिथे नियंत्रणाची किंमत जवळजवळ कळत नाही, म्हणून सॉल्व्हर वाटेल ते दाते स्वीकारतो. नियंत्रणाच्या बदलाच्या दराचा वर्ग एका लहान गुणकाने खर्चात मिसळा आणि गुणक दर वेळी दहापट कमी करत चला. दाते जाऊन रेषा उरते आणि खर्च हलत नाही, तिथे थांबा.

मोजपट्टीकडे दुर्लक्ष हे अपयशाचे सर्वांत नेहमीचे कारण. प्रतिपिंडांची पातळी दशलक्षांशात आणि मात्रा शेकड्यात असेल तर सगळे चल एकाच्या आसपास आणल्याशिवाय सुरूच करू नये. मॉडेलमध्ये 'जर-तर' किंवा शून्याशी तुलना असेल तर त्या जागी गुळगुळीत फलन घाला, कारण इंटिरिअर-पॉइंट पद्धतीला दुसरे डेरिव्हेटिव्ह लागते.

आयपॉप्टच्या पडद्यावरच्या रकान्यांतून बरेच कळते. पुनरावृत्तीच्या आकड्याला आर चिकटलेला दिसू लागला की सॉल्व्हर खर्च सोडून फक्त अटी पाळायची धडपड करतो आहे. नेहमीच्या मात्रेने मॉडेल आधी चालवून तोच मार्ग अंदाज म्हणून दिला की हे बहुधा थांबते. इन्फ-पीआर (अटी किती मोडल्या) खाली जातो आणि इन्फ-डीयू (इष्टतमतेची अट किती चुकली) अडकून बसतो तेव्हा मोजपट्टी किंवा सिंग्युलर तुकडा यांपैकी एकाचा संशय घ्यावा. एलजी-आरजी रकाना सतत भरलेला असेल तर हेसियन (दुसऱ्या डेरिव्हेटिव्हांचा तक्ता) बिघडलेला आहे. आणि शेवटी 'ऑप्टिमल सोल्यूशन फाउंड' आले तरी ते स्थानिक उत्तर आहे. चार-पाच वेगवेगळ्या अंदाजांतून तेच येते का, हे बघितल्याशिवाय ते इष्टतम म्हणू नये.

महत्तम तत्त्व यात वाया जात नाही. इष्टतमतेच्या आवश्यक अटी, सिंग्युलर तुकड्याची अट, हे सगळे कागदावर त्याच्याशिवाय होत नाही, आणि गणिती नियतकालिकाचा परीक्षक ते मागणारच. वैद्यकीय परीक्षक मात्र विचारेल की क्लिअरन्स तीस टक्के चुकला तर या योजनेचे काय होते. त्याचे उत्तर शेकडो वेळा प्रोग्रॅम चालवल्यावरच मिळते. दोन्ही विचारले जाणार असतील तर मी कोलोकेशनने सुरुवात करीन आणि त्यातूनच कोस्टेट काढीन. ते तिथे तयारच असतात. राडाउ बिंदूंवरच्या समीकरणांचे मल्टिप्लायर (प्रत्येक अटीची किंमत सांगणारे, सॉल्व्हर देतो ते आकडे) त्या त्या बिंदूच्या क्वाड्रॅचर वजनाने (संख्यात्मक संकलनातल्या वाट्याने) भागले की कोस्टेट मिळतात, आणि ताणलेल्या ट्रफचा मल्टिप्लायर म्हणजेच तिथली कोस्टेटची उडी. शूटिंगला लागणारी रचना आणि सुरुवातीचा अंदाज दोन्ही असे हाती येतात. बारा अंकांचे उत्तर हवेच असेल तर मग एकदा शूटिंग चालवावे.

चिन्ह तेवढे जपावे. कोलोकेशनचे समीकरण कोणत्या बाजूने वजा करून लिहिले यावर मल्टिप्लायरचे चिन्ह उलटते. खात्री करायला सुरुवातीची अवस्था एक टक्क्याने वाढवून प्रश्न पुन्हा सोडवा. खर्चात पडलेला फरक हा सुरुवातीचा कोस्टेट गुणिले तो एक टक्का इतका यायला हवा. एकूण मात्रा कमी करण्याच्या प्रश्नात तो ऋण येतो, कारण अंगात आधीच असलेले औषध पुढची मात्रा वाचवते. धन आला तर चिन्ह उलटे धरले आहे, आणि हॅमिल्टोनियनचा आलेख काढण्याआधी ते दुरुस्त करावे.